छातीत पाणी, फुटलेला पाट पोटात

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीत किंवा आसपासच्या कुठल्याही गावात एखाद्याला पंधरा दिवस दम लागला, एका कुशीवर झोपवेना, दोन पायऱ्या चढल्या की बसावंसं वाटू लागलं, की घरचे त्याला परभणीला नेतात. एक्स-रे निघतो. डॉक्टर फिल्म उजेडावर धरतात आणि सांगतात, ‘छातीत पाणी झालंय.’ सुई घालून लिटरभर पाणी काढलं जातं. माणसाला लगेच मोकळं वाटतं. घरी परतताना पिशवीत क्षयाच्या औषधांची पाकिटं असतात, निदान सहा महिने चालायची.

बहुतेक वेळा हे बरोबरच असतं. छातीत पाणी होण्याच्या आपल्याकडच्या मोठ्या कारणांत क्षय आहे, आणि तो वेळीच धरला तर पूर्ण बरा होतो. पण काही मोजक्या माणसांचं पाणी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरतं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. गोळ्या नेमानं चालू आहेत, वजन मात्र उतरतच आहे. अशा माणसाच्या जुन्या कागदांत कधी कधी एखादी चिठ्ठी सापडते: चार वर्षांपूर्वी पोटात कळ आली म्हणून भरती, ‘स्वादुपिंडाला सूज’, आठ दिवसांनी घरी. ती चिठ्ठी छातीच्या डॉक्टरांना कुणी दाखवलेली नसते. पोटाचा आजार आणि छातीतलं पाणी यांचा संबंध असेल, असं घरच्यांना वाटण्याचं काही कारणही नसतं.

संबंध असतो. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवं टेकून स्वादुपिंड असतं. लांबी साधारण वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस ते तयार करतं आणि एका बारीक नळीतून आतड्यात सोडतं. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिनही तिथंच तयार होतं. वर्षानुवर्षं सूज येत राहिली की हा अवयव आतून घट्ट, निबर होत जातो. नळी कुठे आवळते, कुठे तिच्यात चुन्याचे खडे बसतात. याला स्वादुपिंडाचा जुनाट दाह म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी तो ‘क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस’ असतो.

आता खड्याच्या अलीकडे रस तुंबतो, दाब वाढतो आणि नळी कुठेतरी फुटते. पुढच्या बाजूनं फुटली तर रस पोटाच्या पोकळीत साठतो आणि पोट फुगतं. मागच्या बाजूनं फुटली तर त्याला तिथं मोकळी जागा नसते. तो कण्याच्या कडेनं वर सरकतो. छाती आणि पोट यांच्या मधल्या श्वासपटलाला अन्ननलिका आणि महारोहिणी यांच्यासाठी वाटा असतात, त्यांतून तो छातीत शिरतो. श्वास घेताना छातीत ओढ तयार होते, तीही त्याला वर खेचते. फुफ्फुसाभोवतीच्या दोन पातळ आवरणांच्या मध्ये निरोगी माणसात जेमतेम दोन-चार चमचे ओल असते. तिथं आता लिटरांनी रस साठतो.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर शेती भिजवणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. चारी फुटते एकीकडे आणि पाणी तुंबतं भलत्याच्याच वावरात. ज्याच्या वावरात तुंबलं त्यानं मोटर लावून ते कितीही उपसलं, तरी फुटलेली जागा बुजत नाही तोवर वावर कोरडं होत नाही. छातीतलं पाणी पुन:पुन्हा काढणं ही तशीच उपसणी आहे.

वैद्यकीय नियतकालिकांत या भगदाडाला स्वादुपिंड आणि छातीची पोकळी यांच्यातला ‘फिस्टुला’ म्हणतात. तो विरळा आहे. जुनाट दाहाच्या प्रत्येक रुग्णानं त्याची धास्ती घ्यावी, असं मुळीच नाही. पण जगभरातून आणि भारतातूनही जे रुग्ण नोंदवले गेले, त्यांच्या हकिगती विलक्षण सारख्या आहेत. बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले पुरुष, पुष्कळांना दारूची सवय. तक्रार दम लागण्याची, खोकल्याची, छातीत दुखण्याची. पोट अनेकांचं दुखतच नाही. पाणी बहुधा डाव्या बाजूला, पण उजव्या किंवा दोन्ही बाजूंनाही होऊ शकतं. भारतातल्या हकिगतींत आणखी एक गोष्ट वारंवार येते: निदान होण्याआधी क्षयाची औषधं काही आठवडे, काही वेळा महिने, देऊन झालेली असतात.

हे निदान हुकण्यामागे डॉक्टरांचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. रुग्ण दम लागतो म्हणून येतो, पोटाबद्दल बोलत नाही. दारूचा विषय निघाला की सोबत आलेला भाऊ मान फिरवतो. आणि हे पाणीही वरवर क्षयाच्या पाण्यासारखंच दिसतं: पिवळसर, प्रथिनांनी भरलेलं. क्षयाकडे बोट दाखवणारी एडीए नावाची तपासणी या पाण्यातही कधी कधी वाढलेली येते. एवढं सगळं जुळल्यावर गोळ्या सुरू होणं स्वाभाविकच आहे.

फरक एका साध्या तपासणीत दिसतो. काढलेल्या पाण्यात अमायलेज किती आहे, ते पाहायचं. अमायलेज म्हणजे पिठूळ पदार्थ पचवणारा रस. तो स्वादुपिंडातून येतो, थोडा लाळेतूनही. रक्तात त्याचं प्रमाण प्रयोगशाळेच्या मोजमापात साधारण शंभराच्या आसपास किंवा खाली असतं. स्वादुपिंडातून झिरपलेल्या पाण्यात ते हजारांत असतं, अनेकदा दहा हजारांच्याही वर जातं. असा आकडा पाहिल्यावर शंकेला फारशी जागा उरत नाही. कर्करोगात किंवा अन्ननलिका फाटल्यावरही पाण्यात अमायलेज वाढू शकतं, पण सहसा इतकं नाही. आणि त्या दोन्ही शक्यता तपासायलाच हव्यात. परभणीतली कोणतीही बरी प्रयोगशाळा ही तपासणी करते. रक्ताचं अमायलेज जिथं होतं, तिथं पाण्याचंही होतं.

म्हणून घरच्यांनी एकच वाक्य लक्षात ठेवावं. पाणी काढायच्या आधी डॉक्टरांना सांगावं, ‘यांना मागं स्वादुपिंडाची सूज झाली होती, पाण्यात अमायलेजही बघता का?’ एवढं विचारणं उद्धटपणा नाही. डॉक्टरांना तर त्याची मदतच होते.

सूज झाल्याचा कागद नसला तरी काही खुणांवरून हाच प्रश्न विचारावा. जेवणानंतर वरच्या पोटात उठणारी आणि आरपार पाठीत जाणारी कळ, जी पुढं वाकून बसलं की जरा कमी होते. रोजची किंवा पुष्कळ वर्षांची दारू. तेलकट, चिकट, फार घाण वास येणारं शौच, जे पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहतं. अंगानं वाळत जाणं आणि त्याच सुमाराला निघालेला मधुमेह. यांतली एक-दोन लक्षणं आणि छातीत पुन्हा भरणारं पाणी एकत्र आलं, तर पोटाची तपासणी झाल्याशिवाय गप्प बसू नये.

इथं दोन गैरसमज बाजूला करायला हवेत. पहिला, रक्ताचं अमायलेज नॉर्मल आलं म्हणजे स्वादुपिंड ठीक आहे, हा. जुनाट दाहात अवयव इतका झिजलेला असू शकतो की रक्तातला आकडा वाढतच नाही. पाण्यातला आकडा वेगळा आणि रक्तातला वेगळा. दुसरा गैरसमज अधिक त्रासाचा आहे: ‘हा पिणाऱ्यांचा आजार, आमचा माणूस थेंबही घेत नाही.’ केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्णांचा अभ्यास करून दाखवलं की दारूशी काही संबंध नसलेल्या मुलांत आणि तरुणांतही स्वादुपिंडात खडे होतात. लहानपणी पोटदुखी, तारुण्याच्या उंबरठ्यावर मधुमेह, असा त्याचा क्रम असतो. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं काढलं. पुढं स्पिंक-१ या जनुकातला एक बदल भारतीय रुग्णांत वारंवार आढळला. तेव्हा अठरा वर्षांच्या मुलीला किंवा कधी दारूला न शिवलेल्या माणसाला हा आजार होऊ शकतो. त्यांच्यात तो शोधलाच जात नाही, म्हणून उशीर होतो.

क्षयाबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हा लेख वाचून कुणीही क्षयाच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. जुनाट दाहाच्या रुग्णाला मधुमेह असतो, अंगात ताकद नसते, आणि मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे पाण्याचे, थुंकीचे आणि सीटी स्कॅनचे निकाल समोर ठेवून डॉक्टरांनीच ठरवायचं. क्षय खरंच असेल, तर रिफॅम्पिसिन या औषधानं साखरेच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत साखर एरवीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

पाण्यात अमायलेज भरपूर सापडलं, की पुढचा प्रश्न येतो: पाट नेमका कुठं फुटला? त्यासाठी सीटी स्कॅन आणि त्याहून उपयोगी म्हणजे एमआरसीपी. ही एमआरआयच्याच यंत्रावरची तपासणी आहे. तिच्यात क्ष-किरण नसतात, तोंडातून नळी घालावी लागत नाही, आणि स्वादुपिंडाची नळी, खडे, आवळलेली जागा, वर गेलेली वाट हे सगळं चित्रात दिसतं. स्कॅनला पाठवताना चिठ्ठीवर ‘छातीत पाणी, अमायलेज जास्त’ असं लिहिलेलं असावं. काय शोधायचं ते माहीत असलं की रेडिऑलॉजिस्ट फिल्म वेगळ्या नजरेनं पाहतो.

उपचार टप्प्याटप्प्यानं होतात. आधी स्वादुपिंडाला विश्रांती देतात: काही दिवस तोंडानं खाणं बंद किंवा अगदी कमी, पोषण नळीतून, आणि रस कमी व्हावा म्हणून ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. छातीतलं पाणी सुईनं किंवा नळी ठेवून काढतात. एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, कारण दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येऊ शकते. ‘सगळं एकदाच काढून टाका’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. एवढ्यानं काही जण बरे होतात, पण आठवडे लागतात आणि पुष्कळांचं पाणी परत येतं. मग ईआरसीपी करतात. तोंडातून दुर्बीण घालून स्वादुपिंडाच्या नळीत प्लॅस्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. रसाला आतड्याकडे सोपी वाट मिळाली की तो वर चढायचा थांबतो आणि भगदाड आपोआप बुजतं. खडा मोठा असेल तर बाहेरून लहरी मारून तो आधी फोडावा लागतो. जिथं दुर्बीण पोचत नाही, तिथं शस्त्रक्रिया करून नळी लांबीत उघडतात आणि लहान आतड्याला जोडतात. अनुभवी हातांत तिचे परिणाम चांगले असतात.

पिंगळीच्या माणसानं यासाठी जायचं कुठं? छातीतलं पाणी काढणं आणि पहिल्या तपासण्या परभणीत होतात. २०२३ पासून तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरला घाटी. स्वादुपिंडाच्या नळीतली दुर्बीण हे मात्र रोज ते काम करणाऱ्यांचंच काम आहे. ते मोठ्या शहरातल्या पोटविकार केंद्रातच करून घ्यावं. मराठवाड्यातले पुष्कळ रुग्ण पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादचा रस्ता धरतात, कारण सिकंदराबादची गाडी परभणीहूनच जाते. तिथल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीनं स्वादुपिंडातले खडे लहरींनी फोडण्याचे उपचार हजारो रुग्णांवर केले आहेत.

पैशाचा विचार निघण्याआधी करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कोणता उपचार यादीत बसतो, रेशनकार्ड, आधार यांपैकी काय लागेल, हे त्याला विचारावं, किंवा १५५३८८ वर फोन करावा. राज्याबाहेर जायचं असेल तर तिथं आपलं कार्ड चालेल का, हे गाडीत बसण्याआधी त्या रुग्णालयाला विचारून घ्यावं. सोबत एक साधी वही असावी. कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूचं, किती पाणी काढलं, त्याचा रंग काय होता आणि अहवाल काय आला, एवढं तिच्यात लिहावं. तीन दवाखान्यांच्या तीन फायलींपेक्षा अशी एक वही पुढच्या डॉक्टरला अधिक सांगते.

छातीतलं पाणी हा एकच त्रास नव्हे. जुनाट दाहात मधूनच तीव्र झटका येतो. तेव्हा पोट इतकं दुखतं की माणूस खोल श्वासच घेत नाही. फुफ्फुसाचा तळ दबून राहतो आणि तिथं न्यूमोनिया होतो. भरती असताना तीन छोट्या चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र दिलेलं असतं, ते खिडकीत ठेवून देऊ नये. जागेपणी तासा-तासाला ते ओढावं, उशीला टेकून बसावं, जमेल तेव्हा चालावं. मोठ्या झटक्यात दाहाचे पदार्थ रक्तातून फुफ्फुसात पोचतात आणि एक-दोन दिवसांत फुफ्फुसं ओलावून जातात. हे जिवावर बेततं. करोनाच्या काळात घरोघरी आलेली ऑक्सिमीटर कपाटात असतील, ती इथं कामाला येतात. पोटदुखीच्या रुग्णाचं ऑक्सिजन ९४ च्या खाली गेलं तर डॉक्टरांना कळवावं. ९० च्या खाली गेलं किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर थांबू नये, १०८ ला फोन करावा. पायाला एकाच बाजूची सूज येऊन अचानक दम लागला, तर ती रक्ताची गुठळीही असू शकते. तेव्हाही हाच फोन. आणि घास गिळताना अडकू लागला, सोबत धाप लागू लागली, तर स्वादुपिंडाजवळ साठलेल्या रसाची पिशवी छातीच्या मध्यात सरकली आहे का, हे स्कॅनवर पाहावं लागतं.

बिडी आणि सिगारेट या दोन्ही अवयवांच्या वैरी आहेत. तंबाखूचा धूर फुफ्फुसं खराब करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो दारू नसतानाही स्वतंत्रपणे स्वादुपिंडाला मारतो आणि खडे लवकर वाढवतो, हे फारसं ठाऊक नसतं. ‘दारू सोडली, आता बिडी तरी ओढू द्या’ ही तडजोड म्हणूनच खरी नाही. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या क्रमांकावर मोफत मदत मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे, आणि १९८६ पासून काम करणारं पुण्याचं मुक्तांगण आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं घरी एकाएकी बंद करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होतात आणि ते गंभीर असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार-सहा दिवस औषधं घेऊन सोडलं, तर हा धोका टळतो.

जेवणाचा प्रश्न रोजचा आहे. ‘तेल-तूप पूर्ण बंद’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो आणि त्यानंच अनेक रुग्ण वाळतात. झटका ओसरल्यावर, छातीत गळती नसताना, साधं घरचं जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा घ्यावं: भाकरी, वरण, अंडं, दही. तळलेलं टाळावं. डॉक्टरांनी पाचकरसाच्या कॅप्सूल दिल्या असतील, तर त्या रिकाम्यापोटी किंवा झोपताना घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्ये एक, अशा घेतल्या तरच अन्नात मिसळतात. वजन महिन्यातून एकदा त्याच काट्यावर करावं. अंगात मांस असलेल्या माणसाचं फुफ्फुसही संसर्गापुढे जास्त टिकाव धरतं.

स्टेंट बसवल्यावर दम जातो, भूक लागते, माणूस शेतात जायला लागतो आणि आत नळी आहे हे घरातले सगळे विसरतात. हीच वेळ जपायची. ती प्लॅस्टिकची नळी काही महिन्यांत आतून बुजते. ठरल्या वेळी काढली किंवा बदलली नाही तर पुन्हा दाब, पुन्हा सूज, आणि काही वेळा तीच नळी खड्यात रुतून बसते. डिस्चार्ज कार्डावर बदलायची तारीख लिहिलेली नसेल तर रुग्णालय सोडण्याआधी ती लिहून घ्यावी आणि घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनानं गोल करावी. त्याआधी महिन्या-दीड महिन्यानं परभणीत छातीचा एक एक्स-रे काढून जुन्या फिल्मशेजारी ठेवून पाहावा.